आकाशाचे दफ्तर

आमच्या शाळेत दर वर्षी दहावीच्या मुलांसाठी 'पुढे काय?' हा कार्यक्रम होतो. शाळा उर्दू माध्यमाची, तालुक्याच्या गावातली. पाहुणे येतात, हारतुरे होतात आणि यादी तीच वाचली जाते: डॉक्टर, इंजिनिअर, फार्मसी, डी.एड., मुलींसाठी नर्सिंग, अलीकडे पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षा. २०२३ नंतर या यादीत 'अंतराळवीर' या एका शब्दाची भर पडली. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये टीव्ही लावून आम्ही दीडशे मुलांसह बसलो होतो. दुसऱ्या दिवशी नववीतल्या निम्म्या मुलांना चंद्रावर जायचे होते.

एका मुलीला जायचे नव्हते. तिने विचारले, "सर, ती माणसे कॉम्प्युटरसमोर बसून काय करत होती? आणि यान उतरल्यावर त्यांचे काम संपले का?"

आम्ही विज्ञान शिकवतो. रॉकेट कसे उडते हे पुस्तकात आहे, ते फळ्यावर काढून दाखवता येते. पण यान पोहोचल्यानंतर त्याला रोज काम कोण सांगते, त्याने पाठवलेले कोण उतरवून घेते आणि ते पन्नास वर्षे कोण सांभाळते, हे पुस्तकात नाही. मोठमोठ्या संस्थांत माणसे या कामात सबंध नोकरी घालवतात. त्यांची नावे वर्तमानपत्रात येत नाहीत. आमच्या मते मुलांना सांगायला हाच खरा पेशा आहे. अंतराळवीर सगळ्या देशात मिळून चार-दोन होणार. दफ्तर सांभाळणारी माणसे मात्र प्रत्येक मोहिमेला लागतात, आणि मोहीम संपल्यावरही लागतात.

आधी काम सांगण्याचा भाग. ज्या शिक्षकाने कधी शाळेचे वेळापत्रक लावले आहे त्याला हा लगेच समजेल. एक हॉल, एक प्रोजेक्टर आणि तो मागणारे सहा शिक्षक. यानावर दहा-बारा उपकरणे असतात. प्रत्येकामागे शास्त्रज्ञांचा एक गट, आणि प्रत्येक गटाला वाटते की मोहीम आपल्यासाठीच निघाली आहे. शनीकडे गेलेल्या कॅसिनी यानाचेच घ्या. त्याचा कॅमेरा आणि इतर उपकरणे यानाच्या अंगालाच घट्ट बसवलेली होती. कॅमेऱ्याला शनीकडे पाहायचे तर सगळे यान वळवावे लागे, आणि मग पृथ्वीकडे बोलणारा मोठा अँटेना भलतीकडेच होई. म्हणजे पाहायचे तेव्हा बोलायचे नाही आणि बोलायचे तेव्हा पाहायचे नाही. कोणाला किती मिनिटे, किती वीज, यानाच्या स्मरणात किती जागा, हे महिनोन्महिने आधी बैठका घेऊन ठरत असे. मग त्याच्या आज्ञांची यादी करायची, ती तपासायची, पुन्हा तपासायची आणि वर पाठवायची. कॅसिनी २००४ पासून १५ सप्टेंबर २०१७ पर्यंत शनीभोवती फिरले. त्याच्या सबंध प्रवासात सुमारे २५ लाख आज्ञा पार पाडल्या गेल्या. हाती आले ते ४,५३,०४८ फोटो आणि ६३५ जीबी माहिती. आज मोबाईलच्या दुकानात जी छोटी हार्डडिस्क मिळते, तिच्यात हे सगळे मावून जागा उरेल. तरीही त्यावर हजारो शोधनिबंध निघाले. ढीग केवढा याला महत्त्व नाही, ढिगातली प्रत्येक वस्तू कुठली हे ठाऊक असण्याला आहे.

एक आज्ञा राहून गेली तर काय होते तेही पाहा. कॅसिनीबरोबर ह्युजेन्स नावाचे छोटे यान होते. ते १४ जानेवारी २००५ रोजी शनीच्या टायटन या चंद्रावर उतरले. त्याचे बोलणे ऐकण्यासाठी कॅसिनीवर दोन रिसीव्हर होते. त्यांपैकी एक सुरू करण्याची आज्ञा यादीत घालायचीच राहिली. ह्युजेन्सने इमानेइतबारे दोन्हींवर पाठवले. सुमारे सातशे फोटोंपैकी साडेतीनशेच पोहोचले. वाऱ्याचा वेग मोजण्याचा प्रयोग तर पूर्णपणे त्या बंद रिसीव्हरवरच अवलंबून होता. पण पृथ्वीवरच्या मोठमोठ्या रेडिओ दुर्बिणी त्या वेळी टायटनकडे कान लावून होत्या. त्यांनी तो अतिशय क्षीण संदेश टिपून ठेवला होता, म्हणून वाऱ्याची माहिती त्यांच्या नोंदींतून काढता आली. उरलेले फोटो मात्र गेले ते गेलेच. सात वर्षांचा प्रवास आणि यादीतली एक ओळ!

आता उतरवून घेण्याचा भाग. यानाकडून फोटो येतो असे आपण म्हणतो, पण खरे तर फोटो येत नाही. शून्य आणि एक यांची रांग येते, तीही कधी तुटक, कधी दोनदा. ती लावून घ्यायची. कुठला आकडा कोणत्या उपकरणाचा, कोणत्या क्षणाचा, तेव्हा यान कुठे होते, उपकरण किती तापले होते, हे त्याला जोडायचे. या कच्च्या मालातून मग खरी मोजमापे काढायची. न्यू होरायझन्स हे यान १४ जुलै २०१५ रोजी प्लूटोजवळून गेले. भेट काही तासांची होती, पण त्या भेटीची माहिती पृथ्वीवर उतरायला ऑक्टोबर २०१६ उजाडला. लांबचा रस्ता आणि बारीक धार.

आणि एकक! उत्तरापुढे एकक लिहिले नाही तर आम्ही अर्धा गुण कापतो आणि मुले नाराज होतात. त्यांना आम्ही मार्स क्लायमेट ऑर्बिटरची गोष्ट सांगतो. २३ सप्टेंबर १९९९ रोजी ते मंगळावर नाहीसे झाले. एका बाजूचा संगणक जोराचे आकडे पाउंडाच्या मापात देत होता आणि दुसरी बाजू ते न्यूटनच्या मापात आहेत असे समजून हिशोब करत होती. आकडे बरोबर होते, पण त्यांच्यासोबत त्यांची ओळख गेली नाही. ही गोष्ट ऐकल्यावर वर्गात अर्ध्या गुणाचे भांडण थोडे कमी होते. अगदी बंद होत नाही.

तिसरा भाग सांभाळण्याचा. आमचा जीव याच भागात जास्त रमतो.

१९६६ आणि १९६७ मध्ये अमेरिकेने चंद्राभोवती पाच लूनार ऑर्बिटर याने पाठवली. माणूस कुठे उतरवायचा ती जागा शोधण्यासाठी. त्या काळी डिजिटल कॅमेरे नव्हते. यानातच फिल्म धुतली जाई, तिच्यावरून प्रकाशाचा ठिपका फिरवून चित्र रेडिओने खाली पाठवले जाई आणि इथे ते मोठ्या चुंबकी टेपांवर उतरे. माणूस चंद्रावर उतरला, काम झाले, टेपा गोदामात गेल्या. पुढे त्यांचे काय करायचे हा प्रश्न नॅन्सी इव्हान्स या बाईंपुढे आला. त्या नासाच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत दफ्तर सांभाळत असत. टेपा टाकून देणे सोपे होते. त्यांनी टाकू दिल्या नाहीत. पण नुसत्या टेपा ठेवून काय उपयोग? त्या वाचणारी यंत्रे जगातून नाहीशी होत चालली होती. बाईंनी फ्रिजएवढी ती जुनी यंत्रेही मिळवली आणि वर्षानुवर्षे आपल्या घरच्या आवारात ठेवली. २००७ नंतर काही उत्साही मंडळींनी ती दुरुस्त करायला घेतली. जागा मिळाली ती एका बंद पडलेल्या मॅकडोनाल्डच्या दुकानात. नोव्हेंबर २००८ मध्ये पहिले चित्र निघाले: चंद्राच्या कडेवर दिसणारी आपली पृथ्वी, २३ ऑगस्ट १९६६ ची. पूर्वी छापलेल्या चित्रापेक्षा कितीतरी स्वच्छ. आमच्या हॉलमधल्या त्या संध्याकाळीही २३ ऑगस्टच होता, हा केवळ योगायोग. पण मुलांना तो फार आवडतो.

सगळ्यांच्याच नशिबी अशी बाई नसते. माणसाचे चंद्रावरचे पहिले पाऊल ज्या मूळ टेपांवर सर्वांत स्वच्छ उतरले होते, त्या शोधण्यासाठी नासाने मोठी मोहीम काढली. २००९ मध्ये निष्कर्ष आला की नव्या टेपांची टंचाई होती तेव्हा त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात. घरोघरी लग्नाच्या कॅसेटवर सिनेमा रेकॉर्ड होत असे, तसेच झाले म्हणायचे.

अशा अनुभवांतूनच अमेरिकेत ग्रहमोहिमांच्या माहितीसाठी कायमचे दफ्तर उभे राहिले. नॅन्सी इव्हान्स त्याच्या संस्थापकांपैकी एक. तिथे माहिती नुसती जमा करून चालत नाही. बाहेरचे लोक ती उघडून पाहतात आणि विचारतात, ज्याने ही मोहीम पाहिलेली नाही त्याला हे वाचून कळेल का? आम्हाला ही परीक्षा फार कडक वाटते आणि फार न्याय्यही. व्हॉयेजर-१ यान १९७७ मध्ये निघाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते अर्थहीन बोलू लागले. आत्ताच्या अभियंत्यांना कित्येक दशकांपूर्वीचे कागद उघडून बसावे लागले. एक चिप बिघडल्याचे सापडले, तिच्यावरचा मजकूर तुकडे करून दुसरीकडे हलवला आणि एप्रिल २०२४ मध्ये ते पुन्हा शुद्धीवर येऊन बोलले. कागद कोणीतरी ठेवले होते, म्हणून.

आपल्याकडची गोष्ट याहून मोठी आहे. चांद्रयान-१ हे २२ ऑक्टोबर २००८ रोजी निघाले आणि २९ ऑगस्ट २००९ रोजी त्याचा संपर्क तुटला. दोन वर्षांची मोहीम वर्षभरातच संपली. पण त्यावर नासाचे एक उपकरण होते, चंद्राच्या मातीतली खनिजे ओळखणारे. त्याच्या नोंदींतून चंद्रावर पाण्याच्या खुणा सापडल्याचे २००९ मध्येच जाहीर झाले. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये त्याच नोंदी पुन्हा वाचून चंद्राच्या ध्रुवांवरच्या अंधाऱ्या जागांत प्रत्यक्ष बर्फ उघडा पडलेला आहे असा पुरावा मांडला गेला. यान गप्प होऊन नऊ वर्षे झाली होती. मुलीला तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही इथेच दिले: यान उतरल्यावर काम संपत नाही, यान मेल्यावरसुद्धा संपत नाही.

ही दफ्तरे फक्त अमेरिकेत आहेत असे नाही. बंगळूरजवळ ब्यालालू नावाचे गाव आहे. तिथे इस्रोच्या ३२ मीटर आणि १८ मीटर व्यासाच्या मोठ्या अँटेना आहेत आणि तिथेच भारतीय अंतराळ विज्ञान माहिती केंद्र आहे. चांद्रयानांची, मंगळयानाची, आदित्यची माहिती तिथे जमा होते, लावली जाते आणि ठरल्या मुदतीनंतर सर्वांना खुली होते. चांद्रयान-२ ची माहिती २०२० च्या डिसेंबरात खुली होऊ लागली. नाव नोंदवले की आमच्या गावातला मुलगाही ती उतरवून घेऊ शकतो. आणि पुणे? ॲस्ट्रोसॅट ही दुर्बीण २८ सप्टेंबर २०१५ रोजी आकाशात गेली. तिच्यावरच्या एका क्ष-किरण उपकरणाची माहिती हाताळण्याचे केंद्र पुण्याच्या आयुका संस्थेत आहे. सूर्याकडे पाहणाऱ्या आदित्य-एल१ वरची एक दुर्बीणही आयुकातच घडली. म्हणजे एसटीने जाऊन येण्याच्या अंतरावर.

खोडदला तर आम्ही मुलांना घेऊनच गेलो. नारायणगावजवळ शेतांमध्ये ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पसरलेल्या आहेत. मुले द्राक्षांच्या बागा मोजण्यात दंग होती. तिथे आम्ही त्यांना सांगितले की १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे शियापरेली यान मंगळावर उतरत असताना त्याचा संदेश या जुन्नर तालुक्यातल्या तबकड्यांनी ऐकला होता. उतरण्याच्या थोडे आधी तो संदेश बंद पडला, यान कोसळले. पण ते कोणत्या क्षणापर्यंत बोलत होते याची नोंद इथे झाली. एका मुलाने विचारले, "सर, आपटले तर मग काय फायदा?" आमच्याआधी त्या मुलीनेच उत्तर दिले, "कब तक जिंदा था, वो तो पता चला ना."

आमच्या जलशांतून आणि सीरतच्या कार्यक्रमांतून वक्ते हमखास सांगतात की आपल्या पूर्वजांनी खगोलशास्त्राला काय काय दिले. अल-बत्तानी, इब्न युनूस, उलुग बेग. नावे घेतली जातात, सुभानल्लाह होते, बिर्याणी होते. त्यांनी नेमके काय केले हे मात्र कोणी सांगत नाही. त्यांनी नोंदी ठेवल्या. कैरोचा इब्न युनूस १००९ मध्ये वारला. ९७७ आणि ९७८ मधली सूर्यग्रहणे त्याच्या ग्रंथात नोंदलेली आहेत. ग्रहण लागले तेव्हा सूर्य क्षितिजापासून किती अंश वर होता, सुटले तेव्हा किती, कुठे उभे राहून पाहिले, सोबत जाणकार मंडळी होती, हे सगळे. वेळ मोजण्याची चांगली घड्याळे नव्हती, पण सूर्याची उंची लिहिली असल्याने वेळ आज काढता येते. पुढे १८०४ मध्ये त्या ग्रंथाच्या काही भागाचा फ्रेंच तर्जुमा छापला गेला. १८७८ मध्ये सायमन न्यूकम या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने चंद्राची गती तपासताना या नोंदी वापरल्या. त्याआधी १६९५ मध्ये एडमंड हॅलेने चंद्राची चाल बदलते आहे अशी शंका मांडली, ती अल-बत्तानीची मोजमापे पाहून. लिहिणारा आणि वाचणारा यांच्यात आठशे-नऊशे वर्षे, वेगळी भाषा, वेगळा धर्म. तरी वाचता आले. पूर्वजांचा अभिमान जरूर धरावा, पण त्यांच्यासारखी तारीख, जागा आणि माप लिहिण्याची सवयही धरावी, असे आम्ही एका जलशात बोललो. टाळ्या कमी पडल्या.

आता आमच्या स्वतःच्या दफ्तराबद्दल दोन शब्द. शाळेत कारकुनाची जागा रिकामी राहिली की जनरल रजिस्टर शिक्षकाकडे येते. तसे ते आमच्याकडे आले. जुन्या वह्या उर्दूत आहेत, घाईच्या हाताने लिहिलेल्या, शाई तपकिरी झालेली. दाखल्यासाठी लोक येतात. अलीकडे जास्त येतात, कारण प्रत्येकाला कागदाची धास्ती आहे. ऐंशीच्या घरातले एक चाचा आले. त्यांना आपली पहिलीची नोंद पाहायची होती. जन्मतारीख १ जून. त्यांच्या वरच्या मुलाची १ जून, खालच्याचीही १ जून. ज्या आईबापांना तारीख सांगता आली नाही त्यांच्या मुलांना गुरुजींनी जून महिना बहाल केला, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत दिसेल. पण आमच्या त्या वहीत एका जुन्या मौलवी साहेबांनी काही नावांसमोर बारीक अक्षरात लिहून ठेवले आहे: 'अंदाजे', किंवा 'आई सांगते, रमजानच्या आधीच्या महिन्यात'. एकक न लिहिलेल्या आकड्यापेक्षा हे किती प्रामाणिक! चाचांच्या नावापुढे वडिलांचे नाव, गाव, धंदा, सगळे होते. त्यांनी बोट ठेवून वाचले आणि विचारले, "मास्टर, ये पढनेवाले तुम्हारे बाद कौन?"

या वह्या वाचणारे गावात आता मोजकेच उरले आहेत. मराठीत उतरवताना शेखचा शेक होतो, खातूनची खातुम होते, आणि पुढे नातवाला त्या एका अक्षरासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. नॅन्सी इव्हान्स यांनी टेपांबरोबर यंत्रेही का ठेवली, हे आम्हाला या वह्यांमुळे जास्त चांगले समजते. उर्दू वाचणारा माणूस हेच आमच्या दफ्तराचे यंत्र आहे.

ती मुलगी २०२५ च्या मार्चमध्ये दहावी झाली. तिचे अब्बा लाकडाच्या वखारीत हिशेबनीस आहेत. ते शाळेत आले आणि खरे बोलले, "सर, आसमान का काम हमको समझता नहीं. लडकी को इतना पढाना, और नौकरी कौनसी?" आम्ही त्यांना रॉकेटबद्दल काहीच सांगितले नाही. वखारीत लाकूड कधी आले, कुठून आले, किती घनफूट, कोणाला गेले, हे ते रोज लिहितात. हेच काम, फक्त माल आकाशातून येतो, असे सांगितले. त्यासाठी भौतिकशास्त्र, गणित आणि संगणक एवढे लागते, माहितीचे वर्गीकरण शिकलेली माणसेही लागतात, आणि काम खुर्चीत बसून होते. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मतलब रोजनामचा." आम्ही म्हणालो, होय, रोजनामचा.

तिला विज्ञान शाखेत प्रवेश मिळाला. पण दहा वर्षे उर्दूतून शिकलेल्या मुलीला अकरावीत सगळे एकदम इंग्रजीत येते. 'इसराअ' म्हणजे ॲक्सिलरेशन आणि मराठीत त्वरण, हे तिघे एकच आहेत हे कळेपर्यंत पहिली सहामाही निघून जाते. आमची कित्येक हुशार मुले इथेच गळतात, आणि लोक म्हणतात मुलांना शिकायचेच नसते. तिने यावर स्वतःच एक उपाय काढला आहे. एका लांबट वहीत चार रकाने आखले आहेत: उर्दू, मराठी, इंग्रजी, आणि चौथ्यात तो शब्द कोणत्या धड्यात, कोणत्या तारखेला भेटला ते. दिवाळीच्या सुट्टीत ती वही दाखवायला आली तेव्हा सहाशेच्या वर शब्द झाले होते. काही शब्दांपुढे तिने 'अंदाजे' असे लिहिले होते.

आम्ही ती वही दोन दिवस ठेवून घेतली, तिची झेरॉक्स काढली आणि या वर्षीच्या दहावीच्या वर्गात लावली. मागून येणाऱ्या दोघींनी तिच्यात पाचवा रकाना आखला आहे. त्यात काय लिहायचे यावर सध्या त्यांचे भांडण चालू आहे.